बुडालेल्या गाडीची नोंद आर.सी.वर हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात कुठे मोठा पूर आला, की पुढच्या काही महिन्यांत त्यात बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांच्या ऑनलाइन लिलावांतून बाजारात येऊ लागतात. अलीकडे या लिलावांकडे एक नवा वर्ग ओढला जात आहे. चांगल्या नोकरीतले, गाड्यांवर मनापासून प्रेम करणारे तरुण तिथे बुडालेली एखादी पोर्शे बॉक्स्टर, बीएमडब्ल्यू झेड-फोर किंवा ऑडी टीटी हेरतात, शोरूमच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात ती विकत घेतात आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः खपून ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा बेत करतात. मोटार विम्याचा परवानाधारक सर्वेक्षक म्हणून मुंबई, कोल्हापूर आणि चिपळूण येथील पुरांनंतर अशा गाड्या उघडून पाहण्याचे काम मी केले आहे, आणि त्या आधारावर आपल्या वाचकांना कळकळीने सांगावेसे वाटते की जुन्या मोटारींच्या बाजारात याहून फसवा सौदा मला माहीत नाही. विकणारा प्रत्येक वेळी लबाड असतो असे मी म्हणत नाही. पाण्याने केलेले नुकसान खरेदीच्या दिवशी दिसतच नाही आणि पुढे कित्येक महिने एकेक करून बाहेर येत राहते, म्हणून हा सौदा फसवा ठरतो.

ही इच्छा निर्माण कशी होते हेही मी पाहतो आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या पूर्वेकडील श्रीमंत वसाहती पाण्याखाली गेल्या तेव्हा बंगल्यांसमोर छतापर्यंत बुडालेल्या आलिशान गाड्यांची छायाचित्रे देशभर पोहोचली. चेन्नईत डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळाने तेच घडवले. त्याच २०२२ च्या सप्टेंबरअखेर अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात इयान चक्रीवादळाच्या लाटेने नेपल्स शहरातील एका घराच्या गॅरेजमधून पिवळी मॅक्लारेन पी-वन बाहेर वाहून नेली. जगात फक्त ३७५ बनलेल्या या गाड्यांपैकी ही एक. पुढे ती लिलावात गेली, एका वाहनप्रेमीने घेतली आणि तिच्या पुनर्बांधणीचे चित्रण लक्षावधी लोकांनी पाहिले. त्या माणसाच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. मात्र पाहणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे की अशा कामात चित्रणातून मिळणारे उत्पन्न हाच दुरुस्तीच्या खर्चाचा मोठा आधार असतो, गाडी बंद पडली तरी तो भाग पाहिला जातोच, आणि भाग पुरवणारे व्यावसायिक प्रसिद्धीसाठी स्वतःहून पुढे येतात. पिंपरी-चिंचवडमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये पगारातून गाडी दुरुस्त करणाऱ्या तरुणाला यातले काहीही उपलब्ध नसते.

लिलावातली किंमत एवढी कमी का असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. दुरुस्तीचा अंदाजित खर्च पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) म्हणून छापलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, की गाडी व्यवहारतः ‘टोटल लॉस’ धरली जाते. मालकाला भरपाई मिळते आणि सांगाडा सॅल्व्हेज, म्हणजे नुकसानीतून उरलेला माल, म्हणून विकला जातो. यावर गाडीवेडे तरुण एक बिनतोड वाटणारा युक्तिवाद करतात. ही रक्कम गाडीच्या वयानुसार दरवर्षी घटते, सुटे भाग मात्र नव्याच्या दराने लागतात, त्यामुळे आठ-दहा वर्षांची परदेशी गाडी किरकोळ नुकसानीनेही ७५ टक्के ओलांडते. तेव्हा ‘टोटल लॉस’ म्हणजे गाडी संपली असे नव्हे, असे त्यांचे म्हणणे असते. अपघातात ठोकलेल्या गाडीबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे, कारण तिथे चेपलेला पत्रा आणि वाकलेला सस्पेन्शनचा भाग डोळ्यांना दिसतो आणि मोजता येतो. पुराच्या गाडीचा अंदाज आम्ही सर्वेक्षक पाणी ओसरल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, शेकडो दावे रांगेत असताना, पाणी कुठवर चढले होते त्या रेषेवरून बांधतो. त्यात पुढच्या वर्षभरात वायरिंगमध्ये काय होणार आहे हे धरलेले नसते. म्हणून अपघाताच्या गाडीतला अंदाज पुष्कळदा खर्चाची वरची मर्यादा ठरतो, तर पुराच्या गाडीत तो खर्चाचा आरंभ असतो.

इंजिनचे नुकसान सर्वांच्या परिचयाचे आहे, म्हणून त्यावर थोडक्यात लिहितो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी सेल्फ मारला, तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पोर्ट्स कार जमिनीला टेकलेली असते, अनेकींत हवा आत घेण्याची वाट खालच्या बाजूला असते, त्यामुळे साध्या हॅचबॅकने ओलांडलेल्या पाण्यातही तिचे इंजिन पाणी पिते. रॉड जरासा वाकला असेल तर इंजिन सुरू होते, चालते, आणि काही महिन्यांनी धावत्या गाडीत तुटून ब्लॉकला भोक पाडते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (चाकांना शक्ती वाटून देणारा भाग) यांना हवा घेण्यासाठी लहान नळी असते. चालून तापलेली गाडी पाण्यात शिरली की आतली हवा झटकन आकसते आणि त्या नळीतून पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधट दिसले तर निदान शंका तरी येते, पण लिलावाआधी ऑइल बदललेले असेल तर तीही येत नाही. यांत्रिक नुकसान महाग असले तरी ते खोलता येते, मोजता येते आणि कुशल मेस्त्रीच्या हातून पूर्ण बरे होऊ शकते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

खरा प्रश्न वायरिंगचा आहे. आजच्या स्पोर्ट्स कारमध्ये डझनावारी संगणकीय पेट्या असतात, आणि गाडीचा गुरुत्वमध्य खाली ठेवण्यासाठी व जागा वाचवण्यासाठी त्यांतल्या अनेक सीटखाली, फरशीच्या गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी बसवलेल्या असतात. म्हणजे पाणी जिथे सर्वांत आधी येते आणि सर्वांत शेवटी सुकते, नेमके तिथे. जुन्या बॉक्स्टरमध्ये चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची पेटी सीटखाली आहे. टपाच्या पाण्याचा निचरा करणारी नळी तुंबून नुसते पावसाचे पाणी फरशीवर साचले, तरी ती पेटी निकामी होते आणि गाडी सुरू होईनाशी होते, हे त्या गाडीचे जगभरचे मालक जाणतात. पावसाच्या स्वच्छ पाण्याने जर हे घडत असेल, तर नाल्याच्या गाळमिश्रित पाण्यात दोन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे काय होत असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

तांब्याची वायर अनेक बारीक तारांची बनलेली असते. कनेक्टरच्या टोकाशी आलेले पाणी, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, या तारांमधून आवरणाच्या आत हातभर चढत जाते. बाहेरून वायर कोरडी, आवरण अखंड आणि मीटरवर जोडणीही व्यवस्थित दिसते. आत मात्र तांब्यावर हिरवा कळंक धरू लागतो, वायरचा रोध वाढत जातो आणि मग वर्षभराने, तेही दमट हवेत किंवा गाडी तापल्यावरच, कुठला तरी सेन्सर चुकीचा आकडा देऊ लागतो. गाडी स्कॅनरला लावली की ती त्या सेन्सरला दोष देते, मालक सेन्सर बदलतो, दोष चार दिवसांनी परत येतो, मग त्याची पेटी बदलली जाते, तरीही दोष तसाच राहतो. गॅरेजमधला अनुभवी वायरमन अखेर सांगतो की संपूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीभर पसरलेला वायरींचा जुडगा, बदलल्याशिवाय हे थांबणार नाही. आणि हार्नेस बदलायचा म्हणजे डॅशबोर्ड, सीट, गालिचा, दारांचे आतले पॅनेल असे सारे काढून गाडी पत्र्यापर्यंत उघडी करायची. अनेक परदेशी गाड्यांत हार्नेस त्या विशिष्ट गाडीच्या सुविधांनुसार बनवला जातो, त्यामुळे तो दुकानात तयार मिळत नाही.

भंगारातल्या दुसऱ्या गाडीची पेटी काढून बसवावी, तर तीही सहज चालत नाही. इंजिनची, चावीची आणि गिअरबॉक्सची पेटी चेसिस क्रमांकाशी जोडलेली असते; ऑडीसारख्या काही गाड्यांत तर कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधून परवानगी मिळाल्याशिवाय बदललेला भाग काम करत नाही. अधिकृत सेवाकेंद्राने ‘पूरग्रस्त गाडी’ म्हणून काम नाकारले, की हा मार्गही बंद होतो. घरच्या घरी दुरुस्ती करू पाहणाऱ्याचे कौशल्य कितीही वरच्या दर्जाचे असले, तरी या टप्प्यावर त्याचा उपयोग संपतो.

पाणी कोणते होते, यावरही बरेच अवलंबून असते आणि लिलावाच्या माहितीत ते सहसा नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत नदीचे गोडे पाणी होते, पण ते कित्येक दिवस हटले नाही आणि जाताना बारीक गाळ ठेवून गेले. तो गाळ बेअरिंगमध्ये, अल्टरनेटरमध्ये, काच वर-खाली करणाऱ्या मोटारींमध्ये बसतो आणि ओल धरून ठेवतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भरतीमुळे पाण्याला समुद्राकडे वाट मिळाली नाही, तेव्हा गाड्यांत मलनिस्सारणाचे पाणी शिरले होते. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीच्या पुराला खाडीतली भरती येऊन मिळाली. खाऱ्या पाण्याचा अंश आला की प्रकरण फारच बिघडते, कारण स्पोर्ट्स कारमध्ये वजन कमी करण्यासाठी ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, पोलाद आणि कार्बन फायबर शेजारी-शेजारी वापरलेले असतात, आणि असे वेगवेगळे पदार्थ एकमेकांना टेकलेले असताना मध्ये मीठपाणी राहिले तर ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाल्ले जातात. साध्या पोलादी गाडीला निदान गंज दिसतो तरी; इथे तो बोल्टच्या भोवती, चिकटवलेल्या सांध्यांच्या आत चालू असतो.

याउपर प्रश्न जिवाचा आहे. एअरबॅगची नियंत्रक पेटी बहुतेक गाड्यांत दोन्ही सीटांच्या मधल्या उंचवट्यावर, फरशीलगत असते. एअरबॅग आणि सीटबेल्ट खेचणारी यंत्रणा स्फोटक द्रव्याच्या ठिणगीवर चालते. पाणी लागलेली ही यंत्रणा अपघातात उघडेल की नाही, किंवा नको तेव्हा उघडेल की काय, हे ती उघडेपर्यंत कुणालाही खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तिची दुरुस्ती करायची नसते, ती संपूर्ण बदलायची असते. खर्चाचा आकडा ऐकून अनेकजण डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा बंद करून घेतात आणि ती गाडी पुढे विकतात. दोनशे किलोमीटरच्या वेगासाठी बांधलेल्या गाडीत एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जॅम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, पेटीचा कनेक्टर कळकलेला असणे म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको.

संकरित (हायब्रिड) किंवा विजेच्या गाडीला तर हात लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी चक्रीवादळाने अमेरिकेच्या नेवार्क बंदरात उभ्या असलेल्या फिस्कर कर्मा या महागड्या संकरित गाड्या समुद्राच्या पाण्यात बुडवल्या आणि त्यांतल्या १६ जळून खाक झाल्या. मिठामुळे एका गाडीच्या कमी दाबाच्या वीजयंत्रणेत शॉर्टसर्किट झाले आणि वाऱ्याने आग पसरली, असे कंपनीनेच नंतर सांगितले. दहा वर्षांनी इयान वादळानंतर फ्लोरिडाच्या अग्निशमन यंत्रणेला बुडालेल्या विजेच्या गाड्यांच्या आगींशी झुंजावे लागले. पाणी सुकल्यावर बॅटरीच्या आत मिठाचे थर राहतात आणि त्यांतून कित्येक आठवड्यांनीही वीज वाट काढू शकते. अशी गाडी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी असेल, तर धोका केवळ तिच्या मालकाचा राहत नाही.

मग बुडालेली कोणतीच गाडी वाचवू नये का? असे मी म्हणणार नाही. कार्ब्युरेटरवर चालणारी, चार फ्यूज आणि एक रिले एवढेच विजेचे काम असलेली जुनी गाडी गोड्या पाण्यात बुडाली असेल आणि तिला कुणी सेल्फ मारला नसेल, तर ती पूर्ण खोलून पुन्हा बांधता येते. अशा गाड्या नव्याने उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्या कारागिरांचे मला कौतुक आहे. आधुनिक गाडीतही पाणी दाराच्या उंबऱ्याखालीच राहिले असेल आणि दोन-तीन दिवसांत गालिचे काढून ती सुकवली असेल, तर विचार करता येतो. पण हे मालकाला ठाऊक असते, लिलावातल्या खरेदीदाराला नव्हे, कारण ‘जशी आहे, जिथे आहे’ या अटीवर विकलेल्या गाडीबरोबर पाच-सहा छायाचित्रांपलीकडे फारसे काही मिळत नाही.

आता मी मुख्य मागणीकडे येतो. वर वर्णन केलेला तरुण हौशी खरेदीदार निदान जाणूनबुजून धोका पत्करतो. दोन वर्षे झगडून, पैसे संपून, कंटाळून तो ती गाडी विकतो, तेव्हा ती घेणाऱ्याला काहीच माहीत नसते. आर.सी.वर पुराचा रकाना नाही. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर मालकी, विमा, कर्जाचा बोजा दिसतो. गाडी कधी टोटल लॉस झाली होती का, ते दिसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ नुसार कायमची निरुपयोगी झालेली गाडी मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आर.सी. परत करायची असते. प्रत्यक्षात ‘टोटल लॉस’ झालेल्या असंख्य गाड्या ‘कायमच्या निरुपयोगी’ मानल्या जात नाहीत आणि चालू आर.सी.सह विकल्या जातात, किंबहुना ‘आर.सी.सह सॅल्व्हेज’ला लिलावात भाव जास्त मिळतो. करार कायदा १८७२ चे कलम १७ दोष मुद्दाम झाकणे ही फसवणूक मानते, पण बोलण्याचे कर्तव्य नसताना नुसते गप्प राहणे ही फसवणूक मानत नाही. तिसऱ्या-चौथ्या हाती गेलेल्या गाडीबाबत कोणी काय झाकले आणि कोण नुसता गप्प राहिला, हे ग्राहक आयोगापुढे सिद्ध करणे सामान्य माणसाला किती जड जाते, हे मी साक्षीदार म्हणून पाहिले आहे.

अमेरिकेत अनेक राज्ये अशा गाडीच्या मालकीपत्रावरच ‘पूरग्रस्त’ किंवा ‘सॅल्व्हेज’ असा कायमचा शिक्का मारतात, आणि २००५ च्या कॅटरिना वादळानंतर विमा-गुन्ह्यांविरुद्ध काम करणाऱ्या तिथल्या संस्थेने चेसिस क्रमांक टाकून गाडीचा इतिहास तपासण्याची मोफत सोय केली. नियम ढिले असलेल्या राज्यात नव्याने नोंदणी करून तो शिक्का पुसण्याचे प्रकार तिथेही होतात. तरीही विचारायचे कुठे, एवढे तरी तिथल्या ग्राहकाला माहीत असते.

आपल्याकडे तोवर खरेदीदाराने स्वतःच सावध राहावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण गुंडाळलेल्या टोकाजवळची चिखलाची रेघ धुतली जात नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज आहे का, जुन्या गाडीत गालिचा मात्र कोरा करकरीत आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची पुसट रेषा आहे का, हे पाहावे. कागदपत्रांतून तर बरेच कळते: आधीच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) अचानक शून्य झाला असेल, किंवा चेन्नई-बंगळूरच्या गाडीची एन.ओ.सी. (दुसऱ्या राज्यात नेण्यासाठीचे ना-हरकत प्रमाणपत्र) तिथल्या पुरानंतर काही महिन्यांतच काढलेली असेल, तर आधी विमा कंपनीकडे दाव्याची चौकशी करावी. इंजिन बदलले असेल तर त्याची आरटीओत नोंद झाली आहे का, हेही विचारावे, नाहीतर पुढचा विमा दावा त्याच मुद्द्यावर अडकतो.

परिवहन विभागाला आणि विमा नियामकाला माझी विनंती अशी की पाण्याने ‘टोटल लॉस’ ठरलेल्या प्रत्येक गाडीच्या चेसिस क्रमांकासमोर वाहन पोर्टलवर कायमची नोंद करावी, ती आर.सी.वर छापावी, आणि लिलावाच्या जाहिरातीत पाणी किती उंच चढले होते, गोडे होते की खारे, गाडी किती दिवस बुडालेली होती आणि नंतर सुरू करून पाहिली होती का, हे सांगणे बंधनकारक करावे. यासाठी नवी पाहणी करावी लागणार नाही. यातली बहुतेक माहिती आमच्या सर्वेक्षण अहवालांत असतेच, ती आज विमा कंपनीच्या फायलीत पडून राहते. हौशी पुनर्बांधणी करणाऱ्यांनाही याचा फायदाच होईल. कोणती गाडी वाचवण्याजोगी आहे हे त्यांना बोली लावण्यापूर्वी कळेल. आपल्या वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींतही जुन्या गाडीच्या विक्रेत्याकडून ‘गाडी पुरात बुडालेली नाही’ असे लेखी निवेदन घेण्याची प्रथा सुरू करावी, अशी आपणांसही विनंती आहे. तसे निवेदन खोटे निघाले तर ग्राहकाच्या हाती निदान एक सहीचा कागद असेल.

आपला विश्वासू,
एक मोटार विमा सर्वेक्षक, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)